भूमिकाखेळातील गटसंख्येचा प्रश्न : मेजाभोवती किती जणांनी बसावे?

बीजशब्द : भूमिकाखेळ, सूत्रधार, गटसंख्या, पाळी, चरीचा संप

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापनात 'गट पाडणे' ही क्रिया आता इतकी सवयीची झाली आहे की, एका गटात किती विद्यार्थी असावेत, हा प्रश्न आपण सहसा विचारातच घेत नाही. हजेरीपटावर साठ नावे असतील तर दहा-दहांचे सहा गट होतात. साठला दहाने भागणे सोपे असते आणि सहा प्रकल्प तपासणे त्याहूनही सोपे असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर कृतियुक्त अध्यापनावर भर वाढला. गटकार्य, सादरीकरण, भूमिकानाट्य यांची छायाचित्रे नॅकच्या अहवालांत मोठ्या संख्येने दिसू लागली. त्या छायाचित्रांत दहा जण उभे असतात; त्यांपैकी किती जण बोलले, हे छायाचित्रात दिसत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका मर्यादित क्षेत्रात, म्हणजे मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळाच्या संदर्भात केला आहे. इंग्रजीत ज्यास 'टेबलटॉप रोलप्लेइंग गेम' म्हणतात तो हा प्रकार. मुंबई-पुण्यात तो आवडीने खेळणारे तरुण आहेत. अध्यापनाचे साधन म्हणून मात्र आपल्याकडे त्याचा विचार फारसा झालेला नाही. या खेळात गटाचा आकार चुकला तर ते लगेच कळते. व्याख्यानात शंभर विद्यार्थी गप्प बसले तरी व्याख्यान पार पडते. या खेळात चार जण गप्प बसले तर खेळच थांबतो. त्यामुळे गटसंख्येचा अभ्यास करण्यास तो सोयीचा आहे.

खेळाचे स्वरूप

या खेळाला पट असेलच असे नाही. एक व्यक्ती खेळ चालवते. तिला येथे 'सूत्रधार' म्हटले आहे. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो : 'तुम्ही नदीकाठी पोहोचला आहात, होडी पलीकडच्या तीरावर आहे, अंधार पडू लागला आहे.' खेळाडू आपले पात्र काय करते, काय बोलते ते सांगतात. निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. त्यावरून सूत्रधार परिणाम सांगतो आणि नवा प्रसंग उभा राहतो. येथे कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. संहिता नसते. बोलणे हीच खेळी असते.

मराठी वाचकास हे सर्वस्वी परके वाटण्याचे कारण नाही. भातुकली हा आपल्या घराघरांतला भूमिकाखेळच आहे. त्यात एक आई, एक बाबा, एखादे मूल एवढ्यावर संसार उभा राहतो. चौथा आला तर तो दुकानदार किंवा पाहुणा होतो. सहावा-सातवा आला की त्याला 'लिंबूटिंबू' करून घेतात. तो खेळात असतो, पण त्याच्या असण्या-नसण्याने खेळात काही बदलत नाही. हा शब्द पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे. गटसंख्येचा प्रश्न शेवटी एवढाच उरतो की, कितव्या माणसापासून लिंबूटिंबू तयार होऊ लागतो?

चार ते पन्नास

या खेळाची पूर्वपीठिका प्रशियन सैन्यातील युद्धखेळात सापडते. लेफ्टनंट राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या युद्धखेळात दोन पक्षांमध्ये पंच असे. आज्ञा त्याच्याकडे जात आणि परिणाम तो सांगे. आजच्या सूत्रधाराचे मूळ या पंचात आहे.

गटसंख्येच्या दृष्टीने अधिक उद्बोधक प्रसंग १९६९ चा आहे. अमेरिकेतील मिनिआपोलिस-सेंट पॉल या जोडनगरांत डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनकालीन युद्धावर आधारित एक खेळ योजला होता. त्यात ब्राउनश्टाइन नावाचे काल्पनिक गाव होते. प्रत्यक्षात अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक, म्हणजे वीसच्या आसपास खेळाडू जमले. वेस्ली यांनी दोन सेनापतींखेरीज गावातील नगराध्यक्ष, बँकेचा मालक, विद्यापीठाचा कुलपती अशा भूमिका वाटून टाकल्या. खेळाडू परस्परांशी संगनमत करू लागले, सूत्रधाराला न विचारता आपापसांत निर्णय घेऊ लागले. युद्ध बाजूलाच राहिले. वेस्ली यांना हा खेळ फसला असे वाटले. खेळाडूंना मात्र तो फार आवडला आणि त्यांनी पुन्हा खेळण्याचा आग्रह धरला. त्याच वर्तुळातील डेव्ह आर्नेसन यांनी पुढे आपला खेळ रचला. आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला.

या पहिल्या आवृत्तीत खेळाडूंची संख्या चार ते पन्नास अशी दिली होती, आणि सूत्रधार व खेळाडू यांचे प्रमाण सुमारे एकास वीस असावे, असे म्हटले होते. आज हा आकडा अविश्वसनीय वाटतो. तथापि हे पन्नास जण एकाच बैठकीला बसत नसत. अनेक महिने चालणाऱ्या एकाच खेळात वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे लोक येत. शिवाय मोठ्या टोळीसाठी त्या काळी एक तोडगा रूढ होता. खेळाडूंपैकी एक जण सर्वांच्या वतीने सूत्रधाराशी बोले. १९८१ च्या प्राथमिक नियमपुस्तिकेतही हा 'कॉलर' आहे : टोळी काय करणार हे त्याने सांगायचे.

आपल्याला हा मनुष्य चांगलाच परिचित आहे. तो आपला गटनायक होय. गटनायक नेमला की दहांचा गट सुरळीत चालतो, वेळेत अहवाल येतो, प्राध्यापकाला एकाच विद्यार्थ्याशी बोलावे लागते. गट मोठा झाल्याची अडचण नाहीशी झाली असे वाटते, पण ती झाकली गेलेली असते. उरलेले नऊ जण एका अर्थाने प्रेक्षक झालेले असतात. पुढील काळात भूमिकाखेळातून 'कॉलर' हळूहळू मागे पडला आणि प्रत्येक खेळाडूने आपल्या पात्रासाठी स्वतः बोलावे, ही अपेक्षा दृढ झाली. ती दृढ होताच गटाचा आकारही आटला. २०१४ मधील पाचव्या आवृत्तीच्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात संघर्षाची कठीणता मोजण्याचे जे गणित आहे, ते तीन ते पाच पात्रांचा गट गृहीत धरते. तिनापेक्षा कमी किंवा सहा व अधिक पात्रे असतील तर आकडे बदलावे लागतात. सूत्रधारच नसलेला 'फियास्को' (२००९) हा खेळ तीन ते पाच खेळाडूंसाठी आहे. म्हणजे चाळीस वर्षांत 'चार ते पन्नास'पासून 'तीन ते पाच'पर्यंतचा प्रवास झाला. माझ्या मते याचे प्रमुख कारण प्रत्येकाला बोलण्याचा हक्क मिळाला, हे आहे.

पाळीचे गणित

हा हक्क वेळेच्या हिशेबात किती महाग पडतो, ते पाहू. एका खेळाडूने आपले म्हणणे मांडण्यास दोन मिनिटे घेतली आणि सूत्रधाराने त्याचा परिणाम सांगण्यास दोन मिनिटे घेतली, असे धरले तर एका पाळीस चार मिनिटे लागतात. (प्रत्यक्ष खेळ इतका शिस्तीत चालत नाही, हिशेबासाठी हे गृहीतक.) तिघांची फेरी बारा मिनिटांत पूर्ण होते, पाच जणांची वीस मिनिटांत, आठ जणांची बत्तीस मिनिटांत, दहांची चाळीस मिनिटांत. एकदा बोलून झाल्यावर पुन्हा आपली पाळी येईपर्यंत तिघांच्या गटात आठ मिनिटे थांबावे लागते, पाचांच्या गटात सोळा आणि दहांच्या गटात छत्तीस. मुंबई विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांना परिचित असलेली अठ्ठेचाळीस मिनिटांची तासिका घेतली, तर चौघांच्या गटाला बरोबर तीन फेऱ्या मिळतात, पाचांच्या गटाला दोन आणि वर थोडा वेळ उरतो, दहांच्या गटाला जेमतेम एक. एकाच फेरीत संवाद होऊ शकत नाही. दहा निवेदने होतात आणि घंटा वाजते.

वेळेखेरीज दुसरे एक ओझे आहे, ते नात्यांचे. चार व्यक्तींमध्ये जोड्या सहा होतात, पाचांत दहा, सहांत पंधरा, आठांत अठ्ठावीस आणि दहांत पंचेचाळीस. भूमिकाखेळात या प्रत्येक जोडीला अर्थ असतो. कोणाचे कोणाकडे देणे आहे, कोणाचा कोणावर राग आहे, कोण कोणाचे ऐकेल, यांवर कथा पुढे सरकते. सूत्रधाराला हे सर्व डोक्यात ठेवावे लागते. दहा जोड्या सांभाळणे कष्टाचे पण शक्य असते. अठ्ठावीस जोड्यांपैकी बऱ्याचशा आपोआप मोडीत निघतात. म्हणजे त्या दोन पात्रांचे एकमेकांशी काहीच नसते.

गटांविषयीचे समाजशास्त्रीय व मानसशास्त्रीय संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेले दोर ओढण्याचे प्रयोग सर्वज्ञात आहेत : ओढणारे वाढले की एकूण जोर वाढतो, पण दरडोई जोर घटतो. त्यात हातांचा मेळ न बसण्याचा भाग होताच. परंतु १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स व हार्किन्स यांनी टाळ्या वाजवण्याच्या व ओरडण्याच्या प्रयोगांतून दाखवले की माणसे गटात असताना खरोखरच अंग राखून वागतात. हॅकमन व विडमर यांनी १९७० मध्ये निरनिराळ्या आकारांच्या गटांतील सदस्यांना आपला गट फार लहान वा फार मोठा वाटतो का, असे विचारले. त्यांच्या उत्तरांवरून सर्वांत समाधानकारक संख्या ४.६ निघाली. रॉबिन डनबार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सहज जमलेल्या संभाषणांचे निरीक्षण केले, तेव्हा एका संभाषणात साधारणतः चारच्या वर माणसे टिकत नाहीत, पाचवा-सहावा आला की संभाषण फुटून दोन होतात, असे आढळले. लग्नाच्या पंगतीत किंवा स्टाफरूममध्ये कोणीही हे पडताळून पाहू शकतो. मेजावरच्या खेळात संभाषण फुटू देता येत नाही, कारण सूत्रधार एकच असतो. त्यामुळे फुटणारे संभाषण कुजबुजीत किंवा मोबाइलमध्ये जाते.

दशावतारी संचाचा दाखला

यावर एक आक्षेप संभवतो. सिंधुदुर्ग व गोव्यातील दशावतारी नाटकात लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात. म्हणजे तो मोठ्या प्रमाणावरचा भूमिकाखेळच म्हटला पाहिजे. संचात तर दहा-बारा माणसे सहज असतात, आणि नाटक रात्रभर रंगते. मग आपल्या वर्गात दहांचा गट का चालू नये?

हा दाखला बारकाईने पाहिला तर उलटेच दिसते. संचातील काही जण वादक असतात. उरलेल्या नटांपैकी रंगमंचावर एका वेळी संवाद करणारे बहुधा दोन किंवा तीन असतात. राजा आणि प्रधान, देव आणि दैत्य, पती, पत्नी आणि नारद. चौथा आला तर तो बहुधा युद्ध करण्यासाठी येतो, बोलण्यासाठी नव्हे. शेकडो रात्रींचा अनुभव असलेल्या नटांनीही उत्स्फूर्त संवादाचा गट इतका लहान ठेवला आहे. शिवाय जो रंगमंचावर नाही, त्याला आत विश्रांती असते, आणि आपली पाळी येईपर्यंत समोर बसून रस दाखवण्याची सक्ती त्याच्यावर नसते. आपल्या विद्यार्थ्याला मात्र मेजापाशी बसून दुसऱ्यांचे ऐकावे लागते. दशावतारी संच मोठा आहे. त्यातील संभाषण लहानच आहे.

चरीचा संप : वर्गातील एक अनुभव

या विवेचनामागे एक अनुभव आहे, तो येथे नोंदवणे आवश्यक वाटते. तो काटेकोर प्रयोग नव्हता. तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता, गुणांकनही नव्हते. निरीक्षण एवढेच त्याचे मोल आहे.

आमचे विद्यार्थी पनवेल शहर, नवी मुंबईच्या वसाहती आणि उरण, पेण, खालापूर या तालुक्यांतील गावे अशा संमिश्र ठिकाणांहून येतात. कोलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील शेतकरी चळवळ शिकवताना चरीचा संप हा विषय त्यांच्या अगदी जवळचा. तरीही पाठ्यपुस्तकातील चार ओळींपलीकडे तो जात नसे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. पंचवीस गावांतील शेतकरी त्यात होते आणि संप १९३९ पर्यंत चालला. याच काळात, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये कूळ कायदा आला. सनावळ्या विद्यार्थी पाठ करतात. पण सहा वर्षे जमीन पडीक ठेवणे म्हणजे दररोज काय, हे सनावळीतून कळत नाही. म्हणून भूमिकाखेळ योजला. खेळाचे गाव काल्पनिक ठेवले; काळ व परिस्थिती चरीची.

पहिल्या वर्षी मी गावातील जितकी माणसे आठवली तितक्या भूमिका केल्या : दोन कुळे, विधवा शेतकरीण, खोताचा कारकून, वाण्याचे दुकान चालवणारा, तलाठी, मुंबईच्या गिरणीतून परतलेला मुलगा आणि संपाचा प्रचारक. आठ भूमिका, आठ विद्यार्थी. सूत्रधार मी. कागदावर हे गाव फार भरीव दिसत होते. प्रत्यक्षात वक्तृत्व स्पर्धांना जाणारे दोन विद्यार्थी प्रचारक आणि कारकून झाले होते. त्यांची जुगलबंदी दीड तास रंगली आणि मलाही ती रंगलेली वाटली. तलाठ्याला दीड तासात काही काम आले नाही. विधवा शेतकरीण झालेली विद्यार्थिनी एकच वाक्य बोलली : 'मी पण संपात आहे.' खेळ संपल्यावर 'छान झाला' असे सर्वांनी लिहून दिले, तिनेही. अभिप्रायपत्रांवर आपण किती विसंबावे, याचा विचार करावयास लावणारी ही गोष्ट होती.

दुसऱ्या खेपेस मी तलाठी, दुकानदार व कारकून ही पात्रे सूत्रधाराकडे घेतली. उरलेल्यांतून दोन कुळे, विधवा शेतकरीण आणि गिरणीतून परतलेला मुलगा, एवढीच चार पात्रे ठेवली. प्रचारक काढून टाकला. तो होता तोपर्यंत बाकीच्यांना स्वतः विचार करण्याचे कारणच पडत नसे. योगायोगाने त्याच विद्यार्थिनीने तीच भूमिका मागून घेतली. संपाचे दुसरे वर्ष, घरात धान्य संपत आलेले, फासा पावसाच्या बाजूने पडलेला. बाकी तिघे चिवटपणे टिकण्याच्या गोष्टी करत असता तिने विचारले : 'कणगीत उरलंय ते बियाणं आहे. ते आता खाल्लं तर संप जिंकल्यावर पेरायचं काय?' मेजावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. त्यानंतरचा सारा खेळ त्या बियाण्याभोवती फिरला : ते एकत्र करून गावात ठेवावे का, कोणाच्या घरी, आणि त्या घरातल्यांनी ते खाल्ले तर कोणी काय करायचे.

ती हे पहिल्या वर्षी का बोलली नाही, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, 'सर, तेव्हा माझी पाळी येईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.' आठांच्या गटात ती बुजरी आहे, असे मी धरून चाललो होतो.

दोन, तीन, चार, पाच, सहा

आता प्रत्येक संख्येविषयी थोडे. एक सूत्रधार व एक खेळाडू ही रचना शक्य आहे, परंतु ती मुलाखतीसारखी होते. खेळाडूला उसंत मिळत नाही. दोन खेळाडूंच्या गटाविषयी जर्मन समाजशास्त्रज्ञ झिमेल यांनी १९०८ मध्येच मूलभूत निरीक्षण केले आहे : दोघांपैकी एक गेला की गट उरत नाही, म्हणून दोघांचा गट सदैव आपल्या अंताच्या सावलीत असतो. तिसरा आला की मध्यस्थी शक्य होते आणि तंटाही शक्य होतो. तिघांचा खेळ अतिशय वेगवान व सखोल होतो, पण दोघे एक होऊन तिसऱ्यास एकटे पाडण्याची शक्यता कायम असते. विद्यार्थी आधीपासून मित्र असतील तर ती शक्यता वास्तवात येते.

चारचे दोन पक्ष पडले तर ते समसमान पडतात आणि मतदानाने प्रश्न सुटत नाही. काही जणांना हा दोष वाटतो. मला तो या संख्येचा सर्वांत मोठा गुण वाटतो. हात वर करून निर्णय लागला की बोलणे संपते; दोन विरुद्ध दोन झाले की कोणीतरी कोणाला तरी पटवावेच लागते. आपले बैठे खेळही चौघांचे आहेत : सारीपाट चौघांचा, मेंढीकोट चौघांचा. डंजन्स अँड ड्रॅगन्समधील योद्धा, पुरोहित, जादूगार आणि १९७५ मध्ये त्यांना येऊन मिळालेला चोर, अशी पात्रांची चौकट चारचीच झाली, आणि प्रत्येकाला दुसऱ्याला न येणारे काम मिळाल्याने लिंबूटिंबू उरला नाही.

पाच ही पंचांची संख्या. पाचांमुखी परमेश्वर म्हणतात. निर्णय लागतो, कोंडी होत नाही. (आपली ग्रामपंचायत नावापुरतीच पाचांची, महाराष्ट्रात तिचे सदस्य सात ते सतरा असतात.) पाचांच्या गटात एकाला थोडे मागे बसण्याची मुभा मिळते. नवख्या विद्यार्थ्याला सुरुवातीस ती हवीही असते. मात्र ती एकाच व्यक्तीची कायमची जागा होऊ लागली तर सूत्रधाराने लक्ष द्यावे. सहा जणांचा खेळ कसलेला सूत्रधार चालवू शकतो. सातपासून पुढे मी स्वतः जाणार नाही.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. संख्येला बाहेरची कारणेही असतात आणि ती कारणे विसरली की संख्या पवित्र वाटू लागते. महिला बचत गटात दहा ते वीस सदस्य असतात. यातील वीसची मर्यादा परस्परसंवादाच्या अभ्यासातून आलेली नाही. त्यापेक्षा मोठ्या, नोंदणी नसलेल्या व्यावसायिक संघटनांना १९५६ च्या कंपनी कायद्यात प्रतिबंध होता, त्यातून ती आली. आपल्या दहाच्या गटाचा उगमही असाच हजेरीपटात शोधावा लागेल.

साठ विद्यार्थ्यांचा वर्ग आणि पाचवी खुर्ची

हे सर्व मान्य केले तरी वर्गात साठ विद्यार्थी असतात आणि प्राध्यापक एक. पाचांचे बारा गट केले तर बारा सूत्रधार आणावे लागतात. प्राध्यापकाने मेजामागून मेज फिरत राहावे, ही सूचना ऐकण्यास बरी वाटते. पण सूत्रधार नसलेल्या मेजावर खेळ थांबलेला असतो. मला व्यवहार्य वाटलेला मार्ग असा : आधीच्या वर्षी हा खेळ खेळलेल्या विद्यार्थ्यांतून सूत्रधार घ्यावेत आणि प्राध्यापकाने आधी त्यांचाच एक गट घेऊन तोच प्रसंग त्यांच्याबरोबर खेळावा. त्यांना नियमांपेक्षा दोन सवयी शिकवाव्या लागतात. पहिली, जो सर्वांत कमी बोलला आहे त्याच्या पात्रासमोर प्रसंग नेऊन ठेवणे. 'तू काही बोल' असे न म्हणता 'तुझ्या दारात कारकून उभा आहे' असे म्हणणे. दुसरी, जो सर्वांत जास्त बोलतो त्याला न रोखता त्याच्या पात्राला काही काळ गावाबाहेर पाठवणे. सूत्रधार कमी पडले तर गट मोठे करू नयेत. निम्म्या वर्गाचा खेळ या आठवड्यात आणि उरलेल्यांचा पुढच्या आठवड्यात घ्यावा, आणि त्या वेळेत उरलेल्यांना कागदपत्रांच्या वाचनाचे काम द्यावे.

वेळापत्रकात दोन सलग तासिका मिळाल्या तर पाच जण, एकच मिळाली तर चार, असे मी ठरवून घेतले आहे. खेळ तीन-चार आठवडे चालणार असेल तर आणखी एका गोष्टीचा हिशेब धरावा लागतो, तो गैरहजेरीचा. जुलै-ऑगस्टमध्ये हार्बर मार्गावर पाणी साचले किंवा एखाद्या गावची एसटी चुकली की यादीतील एक नाव गळते. चौघांचा गट केला असेल तर मेजावर तिघे उरतात आणि एखादे कूळ गावातून अकस्मात नाहीसे होते. म्हणून यादीत पाच नावे घालावीत. बहुतेक दिवशी चार येतात, आणि पाचही आले तरी खेळ मोडत नाही. जो आला नाही त्याचे पात्र दुसऱ्याने खेळू नये, असा नियम मात्र कटाक्षाने पाळावा. ते पात्र त्या दिवशी तालुक्याच्या गावी गेलेले असते. विद्यार्थी परत आला की त्याला सूत्रधार पहिला प्रश्न विचारतो : 'तालुक्याहून काय बातमी आणलीस?'